खुडलेले शेंडे

तिने दांडा वाकवून शेंडा डोळ्यांसमोर आणला आणि त्यावर भिंग धरलं. अळीने कुरतडलं असतं, तर कड दातेरी दिसली असती. ही कड स्वच्छ होती, किंचित कमानदार. सगळ्या दांड्यांचं तेच. कळ्यांचा घोस असायला हवा तिथे चीक वाळून तपकिरी खपली धरली होती.

हे तिसरं वर्ष. माळावरून आणलेलं बी रुजलं आणि पहिल्या वर्षी ते रानफूल जमिनीसरशी चार पानं काढून गप्प बसलं. दुसऱ्या वर्षी कमरेएवढं झालं, कळ्या धरल्या आणि एका सकाळी कळ्या गायब. यंदा तर ते तिच्या डोक्यावरून गेलं होतं. तिने माती बदलली होती, अळ्या हाताने वेचल्या होत्या, शेजारच्या काकूंवर संशय घेऊन त्यांच्याशी बोलणंही टाकलं होतं. जन्मभर कॉलेजात परागीभवन शिकवलं आणि स्वतःच्या अंगणात एक फूल उमलू नये, म्हणजे हद्द झाली.

ती तडक घरात आली. नवरा वर्तमानपत्र वाचत होता.

"अहो, तुमचं नेलकटर द्या."

"आत्ता? कशाला?"

"द्या म्हणते ना."

त्याने खिशातून ते काढलं, पण पटकन पुढे केलं नाही. तिने ते ओढून घेतलं आणि पात्यांची फट उजेडात धरली. आत हिरवट काहीतरी सुकलं होतं.

"काकूंशी भांडले मी! तुम्ही रोज त्यांच्याकडून पेपर मागून आणता आणि एकदाही तोंड उघडलं नाहीत?"

"उघडून काय सांगणार होतो?"

"दोन वर्षं, अहो! दोन वर्षं मला वेड्यात काढलंत."

त्याने पेपरची घडी घातली. ती नीट जमेना, म्हणून उलगडून पुन्हा घातली.

"तेव्हा एकच मधमाशी चावली होती तुला. एकच. रिक्षात ओठ निळे पडले होते तुझे. पुन्हा चावली तर काय, ते डॉक्टरांकडून मी ऐकलंय, तू नाही. आणि तू दारात गवत लावून माश्यांना आवतण देतेस."

"गवत नाही ते. आणि मी काचेआडून बघणार होते."

"तू? काचेआडून?" तो हसला. "पहिली माशी बसली, की भिंग घेऊन धावशील. मला नको सांगूस."

तिने नेलकटर मिटलं.

"पानांच्या बगलेतून नवे फुटवे आलेत," ती म्हणाली. "त्यांना हात लावलात, तर याद राखा."

नेलकटर तिने कपाटात कुलूपबंद केलं. पुढचे काही आठवडे घरात चहा आणि गॅस यापलीकडे बोलणं झालं नाही. त्याची नखं वाढली. त्याने मागितलं नाही, तिने दिलं नाही.

फुटवे उशिरा फुलले आणि मूळ दांड्यापेक्षा बुटके राहिले. पहिला तुरा उमलला त्या सकाळी तिला जाग आली तेव्हा घरातल्या सगळ्या खिडक्या बंद होत्या. तिने दार ओढलं. बाहेरून कडी.

ती खिडकीशी धावली. अंगणात तो उभा होता, डोक्याकानाला टॉवेल गुंडाळून, फुलांपासून चांगला लांब. तिने काचेवर थापा मारल्या.

"दार उघडा!"

त्याने मान हलवली.

"माणूस आहात का कोण? मी लावलं ते, मी!" ती हात दुखेपर्यंत थापा मारत राहिली. तो हलला नाही. जांभळ्या तुऱ्यावर काहीतरी येऊन बसलं, दांडा जरासा लवला. तिचा हात थांबला.

"काय बसलंय?" ती ओरडली.

"माशी!"

"कसली माशी?"

"मला काय माहीत! काळी आहे!"

"पोटावर पट्टे आहेत का? मागच्या पायांना पिवळं काही?"

"इथून दिसत नाही."

"मग पुढे व्हा ना!"

त्याने तिच्याकडे पाहिलं, फुलाकडे पाहिलं. टॉवेल हनुवटीखाली घट्ट खोचला आणि एक पाऊल टाकलं.

"अजून," ती काचेला नाक टेकवून म्हणाली. "हळू. आणि सावली पाडू नका माशीवर."