मयताचं वाक्य

आमची नाटक कंपनी इंग्रजी. भांडणं मात्र मराठीत, कारण इंग्रजीतला माल दोन वाक्यांत संपतो. नाटकं एकपात्री, निम्मी हसवणारी, निम्मी रडवणारी. दोन नटांचं महिनाभर पटलं, असं आमच्याकडे अजून घडलेलं नाही.

या नाटकात काकू विधवा व्हायच्या आणि रिकाम्या खुर्चीत दिवंगत नवरा आहे असं धरून तासभर बोलायच्या. त्यांचा खरा नवरा, म्हणजे काका, चांगला ठणठणीत. विंगेत संहिता घेऊन बसायचा, अडलं की वाक्य पुरवायला. प्रयोगात काकू प्यायच्या तो चहाही तोच करायचा.

मागच्या दोन्ही प्रयोगांत काकू एकाच जागी अडल्या होत्या. दिग्दर्शकाने, म्हणजे मास्तरांनी, बजावलं, "काकू, आज अडलात तर भूमिका दुसरीला."

साठीत मिळालेली पहिली मोठी भूमिका. काकू हसल्या आणि कोपऱ्यात जाऊन तीच जागा पुन्हा घोकायला लागल्या.

प्रयोग सुरू झाला. निम्मं नाटक सुरळीत गेलं. मग ती जागा आली. "आता मी काय करू?" असं काकूंनी खुर्चीला इंग्रजीत विचारलं आणि थांबल्या. पुढचं वाक्य गायब.

विंगेत पाहतो तर काका संहिता मिटून डोळे पुसतोय. स्वतःच्या मरणाचं इतकं दुःख झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. भानावर आला आणि गडबडीत खड्या आवाजात ओरडला, "अगं, आधी चहा पी! गार होतोय!"

मास्तरांनी कपाळाला हात लावला.

काकू सावकाश खुर्चीकडे वळल्या. "मेलात, तरी हुकूम सोडणं संपलं नाही तुमचं!"

इंग्रजी कळतं असा चेहरा करून बसलेलं अख्खं थिएटर मराठीत हसलं.

"हुकूम कसला? नुसतं सांगितलं," मयत दुखावलं.

काकूंनी घोट घेतला. "साखर विसरलात."

"तू शेजारी नसलीस की मला काही जमत नाही गं."

हे संहितेत नव्हतं. थिएटरात इकडेतिकडे नाकं ओढल्याचे आवाज आले. काकूंना वाक्य आठवलं आणि पुढचं नाटक त्यांनी इंग्रजीत, एका दमात, शेवटाला नेलं.

पडदा पडल्यावर मास्तर धावत आले. "भूमिका तुमचीच, काकू! पण उद्याही अडायचं. बरोब्बर तिथेच!"

"मग जाहिरातीत माझं नाव घाला," काका म्हणाला.

"नाटक एकपात्री आहे हो."

"आणि तुम्ही मेला आहात," काकू म्हणाल्या. "मेलेल्यांनी हट्ट करू नये. चला, चहा टाका. साखर घालून."