हीटरवर गरम केलेले सेल

फुटबॉलवाल्याला गोल-गोल तीन किलोमीटर पळवून त्याचा दम मोजायचा म्हणजे आचाऱ्याची परीक्षा भांडी घासायला लावून घ्यायची, असं मी त्या ऑस्ट्रेलियन कोचला तोंडावर सांगितलं. आमचे प्रोफेसर हॅडली टेबलाखालून माझ्या पायावर पाय देत होते. पण माझं तोंड एकदा सुटलं की सुटलं. माझी बायको नीला म्हणते, या तोंडापायीच मला, म्हणजे तिच्या चारुदत्तला, नऊ वर्षांत पक्की नोकरी मिळाली नाही. खोटं कशाला बोलू, बरोबर म्हणते.

१९८८चा जानेवारी होता. ओहायोतल्या आमच्या युनिव्हर्सिटीत मी व्यायामाच्या शरीरशास्त्राच्या लॅबमध्ये कामाला होतो. या कोचचा क्लब सीझन सुरू होण्याआधीच्या सरावासाठी बारा खेळाडू घेऊन आमच्याकडे आला होता. त्यांचा फुटबॉल वेगळाच. बॉल लांबुळका, मैदान आपल्या क्रिकेटचं, आणि त्यावर दोन तास पळायचं, थांबायचं, वळायचं, आपटायचं, उठून पुन्हा पळायचं. बारातले शेवटचे तीन घरी जाणार होते, म्हणजे क्लबातूनच बाहेर. त्यासाठी कोणती टेस्ट घ्यायची, एवढं ठरवायचं काम माझ्याकडे आलं होतं.

आणि त्यावर माझं सगळं अडकलं होतं. टेस्ट कोचला पटली तर क्लबचं पुढच्या दोन वर्षांचं काम आमच्या लॅबला मिळणार होतं. ते मिळालं तर हॅडली माझ्या फॉर्मवर सही करणार, व्हिसा वाढणार. नाहीतर एकतीस जानेवारीला माझं काँट्रॅक्ट संपत होतं. मग चाळिसाव्या वर्षी बायको-मुलीला घेऊन परत नागपूर, आणि तिथे माझी वाट कोणीही बघत नव्हतं.

मी निवडली ती कॅसेटवरची टेस्ट. वीस मीटरवर दोन रेघा आखायच्या. कॅसेटमधून 'बीप' वाजायच्या आत समोरची रेघ गाठायची, वळायचं, परत यायचं. दर मिनिटाला पातळी वाढते, बीप लवकर यायला लागतात. ज्याला रेघ गाठता येत नाही तो बाद. वळणं, थांबणं, पुन्हा सुटणं, सगळं या खेळासारखं. कोचने कुरकुर केली, पण शेवटी मान हलवली.

आता सेलची गोष्ट. लॅबचा कॅसेट प्लेअर मोडला होता, आणि इनडोअर मैदानात मधोमध प्लग नव्हता. मी घरचा टू-इन-वन न्यायचं ठरवलं. आदल्या रविवारी इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात तो दिवसभर गात होता, सेल पार मेले होते. नीला म्हणाली, "अरे, दुकानात जाऊन नवे घेऊन ये ना." बाहेर फूटभर बर्फ. शिवाय आमच्या नागपूरच्या घरी मेलेले सेल कधी कोणी टाकले नाहीत. गच्चीच्या कठड्यावर उन्हात ठेवायचे, की पुन्हा आठ दिवस रेडिओ वाजायचा. ओहायोतल्या आमच्या या डब्लिन गावात जानेवारीत ऊन कुठलं? मी सहाही सेल रात्रभर हीटरवर ठेवले. सकाळी टू-इन-वन खणखणीत वाजला. मी नीलाकडे विजयी मुद्रेने बघितलंसुद्धा.

मैदानात मी कॅसेटचा वेग तपासला. टेपवर सुरुवातीला एक मिनिटाची खूण असते, ती घड्याळाशी ताडून बघायची. बरोबर साठ सेकंद आले. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की प्रत्येक गटाआधी तपासा. मी एकदाच तपासलं.

चार-चारचे तीन गट होते. पहिल्या गटात केव्हिन होता, वीस वर्षांचा, गव्हाच्या शेतावरून आलेला. तो अकराव्या पातळीवर बाद झाला. शेवटच्या गटात म्हातारे. त्यांतला मिक तेहेतीस वर्षांचा, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या. हा जाणार हे सगळे धरूनच चालले होते. पण मिक थांबेचना. बीपचा आवाज जरा जाड वाटला, मी म्हटलं हॉल घुमतोय. मिक बाराव्या पातळीपर्यंत गेला. सगळी टीम ओरडत होती, मीही ओरडत होतो. घामाने थबथबलेल्या त्या माणसाने मला चक्क उचललं. "डॉक्टर, तू मला एक वर्ष दिलंस!" म्हणाला.

दुपारी कोचने तीन नावं वाचली. त्यांत केव्हिन होता. दुसऱ्या दिवशी दुपारचं विमान. हॅडली माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "उद्या अकराला ये. फॉर्म आण."

मी पेढे मिळत नाहीत म्हणून डोनट घेऊन घरी गेलो. सुलेखाने, म्हणजे आमच्या नऊ वर्षांच्या मुलीने, टू-इन-वनमध्ये संक्रांतीच्या गाण्यांची कॅसेट घातली आणि खिदळायला लागली.

"बाबा, लिसन! शी साउंड्स सो स्लीपी!"

मंडळात गाणाऱ्या पद्मजा मावशींचा आवाज एखाद्या पुरुषासारखा रेंगाळत येत होता. माझ्या हातातला डोनट तसाच राहिला. मी टेस्टची कॅसेट घातली, घड्याळ धरलं. मिनिटाची खूण संपायला चौसष्ट सेकंद लागले.

पहिला गट खऱ्या वेगाने पळाला होता. सेल थंड पडत गेले तशी बीप लांबत गेली, आणि शेवटच्या गटाला प्रत्येक रेघेला फुकटचा वेळ मिळाला. केव्हिनला मी माझ्या हाताने बाहेर काढलं होतं. मी नीलाला सगळं सांगितलं.

"कोणाला कळलंय का?" तिने विचारलं.

"मला कळलंय."

"मग उद्या अकराला सही घे आणि बाराला सांग. एका तासाने काय आभाळ कोसळणार आहे?"

"बाराला सांगितलं तर ती फसवणूक, नीला."

"आणि आमचं काय? सुलेखाला धड मराठी वाचता येत नाही, तिला कुठल्या शाळेत टाकणार आहेस तिथे? सेल आण म्हटलं होतं मी! एवढंसं सांगितलं होतं!" ती ओरडत नव्हती, रडत होती. मला तिच्याकडे बघवेना. माझाच मला इतका संताप आला होता की तो टू-इन-वन बर्फात फेकून द्यावासा वाटला.

सकाळी आठला मी कोचसमोर उभा राहिलो. सेल, हीटर, सगळं सांगितलं. हीटर ऐकून तो आधी हसला, मग हसायचा थांबला. "सगळ्यांना पुन्हा पळवा," म्हणाला.

या वेळी ऑफिसातून लांबच लांब वायर ओढून प्लग लावला. प्रत्येक गटाआधी वेग तपासला. केव्हिन अकराव्या पातळीवरच बाद झाला, अगदी कालच्याच रेघेवर. मिक दहावीवर गुडघे धरून खाली बसला. कालचं वर्ष त्याने मला तिथेच परत केलं. कोचने घरी जाणाऱ्यांच्या यादीत केव्हिनच्या नावावर काट मारली आणि खाली मिकचं लिहिलं. केव्हिन घरी फोन करायला धावला, माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. का बघावं?

"टेस्ट चांगली असेल," कोच हॅडलींना म्हणाला. "पण विजेरीच्या सेलवर मी माझी माणसं ठरवणार नाही. आम्ही आपले गोलच पळू."

अकराला मी फॉर्म घेऊन गेलो. हॅडलींनी पेनाचं टोपण काढलं, फॉर्म वाचला आणि टोपण परत लावलं. "आय ॲम सॉरी, चारू," म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. त्याचा मला काय उपयोग?

मी लॅबमध्ये वायर गुंडाळत होतो तेव्हा मिक दारात आला. खांद्यावर बॅग. आता हा मारणार, असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"कालचा कागद आहे का?" त्याने विचारलं. "माझ्या आकड्याचा."

"तो आकडा खोटा आहे, मिक."

"माहितीये. काल मुलाला फोनवर बारा सांगितलं. तो सात वर्षांचा आहे. त्याने शाळेत सांगितलंसुद्धा असेल."

कालचे कागद मी सकाळीच फाडले होते. मी नवा फॉर्म घेतला. त्याचं नाव लिहिलं, कालची तारीख घातली, पातळी बारा. मिकने खालच्या रिकाम्या रेघेवर बोट ठेवलं, परीक्षकाच्या सहीची रेघ. सकाळपासून एका खऱ्या आकड्यासाठी मी घर पणाला लावलं होतं, आणि आता खोट्यावर पूर्ण नावाची सही केली. त्याने कागदाची नीट घडी केली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि लंगडत निघून गेला.

फोन वाजला. नीला होती.

"नाही केली त्यांनी," मी म्हणालो.

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"ये घरी," ती म्हणाली. "आणि येताना सेल घेऊन ये. नवे."

मी हो म्हणालो, फोन ठेवला आणि त्या वायरच्या गुंडाळीवर बसून ढसाढसा रडलो.