आई मधोमध बसली होती

आईची कॅसेट एकदाच चालेल, असं दुरुस्तीवाल्याने बजावलंच होतं. "बुरशीने पार खाल्लीय हो. पट्टी फिरेल तसा लेप झडत जाणार. जे उतरवून घ्यायचं ते पहिल्या फेरीतच घ्या."

शेवटच्या आजारपणात आईने ती ताईसाठी भरली होती. ताई परदेशात, दिवस भरत आलेले. तिला येता आलं नाही. तिच्या धाकट्या भावाने डावा-उजवा असे दोन माइक असलेला रेकॉर्डर आईच्या बरोब्बर समोर मांडला, तशी आई म्हणाली, "आता तू बाहेर हो बाबा. हे आम्हा मायलेकींचं आहे." तो दार ओढून निघून गेला. पुढे ताईला ती ऐकायचा धीरच होईना. वर्षं लोटली. आता तीच म्हणाली होती, "येतेय मी. ऐकवच."

धाकट्याचा जन्म स्टेजच्या साउंडमध्ये गेलेला. बायको म्हणाली, "कॅसेट उतरवायला दुकानातून तयार केबल आणू का?"

"आईचं काम विकतच्या वायरीवर? छे!"

दोन रंगीत तारा आणि भोवती तांब्याची जाळी, अशी भारीतली केबल घेऊन तो मन लावून बसला. लाल तार डाव्या बाजूची, पांढरी उजव्या बाजूची, जाळी दोघींत सामाईक. इथवर सगळं बरोबर. दुसऱ्या, उतरवून घेणाऱ्या यंत्राच्या टोकाला मात्र दोन बाजूंच्या दोन वेगळ्या पिना हव्या होत्या. वर्षानुवर्षांच्या सवयीने त्याच्या हातांनी तिथे माइकची एकच पिन जोडली.

"दागिना घडवताय जणू," बायको कौतुकाने म्हणाली. मग यंत्र सुरू करताना त्याने स्पीकर बंद केलेला पाहून तिने विचारलं, "हे काय, ऐकणार नाही?"

"ताईच्या आधी? नाही गं."

यंत्रावरचा आवाजाचा काटा हलत राहिला. तो हात जोडून काट्याकडे बघत राहिला. शेवटी पट्टी करकरली आणि थांबली. आत नुसती तपकिरी भुकटी.

ताई आली, पाणीसुद्धा न पिता स्पीकरसमोर बसली. त्याने उतरवलेलं लावलं. आईच्या खोलीतला पंखा ऐकू आला. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. मध्येच भिंतीपलीकडून यावं तसं काहीतरी अस्फुट.

"आवाज वाढव की रे." त्याने वाढवला. पंखाच मोठा झाला.

"आई कुठाय?"

धाकट्याने केबलचं दुसरं टोक उपसून पाहिलं. माइकच्या त्या पिनेतून आलेल्या दोन तारांत जे जे सारखं असेल, ते यंत्र खरखर समजून टाकून देतं. स्टेजवर तेच तर हवं असतं. पंखा एका कडेला होता, खिडकी दुसऱ्या कडेला, ते उरले. दोन्हीकडे सारखी आली होती ती एकटी आई.

"ताई, माझ्या हातून पिन चुकीची जोडली गेली. आईचा आवाजच गाळला गेला."

"अरे, मग परत लाव ना! नीट जोड आणि लाव."

त्याने कॅसेट तिच्यापुढे धरली. पट्टी काचेसारखी आरपार दिसत होती.

ताईने ती पट्टी बोटांवर घेतली. मग अगदी हळू म्हणाली, "तू दाराशीच असशील ना रे? एखादा शब्द तरी पडला असेल कानावर."

खोटं एखादं वाक्य त्याच्या जिभेवर आलंही होतं. आई काय म्हणाली असती, ते त्याला ठाऊक होतं. पण ताई इतक्या आशेने बघत होती, की त्याने मान खाली घातली.

"मी अंगणाच्या पार टोकाला जाऊन उभा होतो गं. ऐकू येऊ नये म्हणून."