तीनशे बाराव्या ओळीतला आठ

या, असे जवळ येऊन बसा. एक गोष्ट सांगतो. रामरायाच्या कृपेनं पुढे संगणकाचे प्राध्यापक झालेल्या, आणि संगणकाचा इतिहास लिहून नावारूपाला आलेल्या अच्युत विजयकरांची.

छप्पन सालचा जानेवारी. गिरगावातले अच्युत तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे, परळच्या एका संस्थेत गणित शिकवत. संस्थेनं स्वतःचं गणकयंत्र बांधायला घेतलं होतं, दिव्यांसारख्या शेकडो काचेच्या व्हॉल्वचं. ते बरोबर चालतं की नाही हे ताडून पाहायला कोष्टकं मात्र आधी माणसांनीच करून ठेवायची. रीत अशी की एकच कोष्टक दोघांनी दोन खोल्यांत बसून, हातानं मूठ फिरवायच्या छोट्या यंत्रावर करायचं. एकमेकांचा कागद बघायचा नाही. आकडा जुळला नाही तर तिसऱ्यानं पुन्हा करायचं, आणि दोघांत कोण बरोबर ते ठरवायचं.

एका खोलीत श्यामकांत, एम.एस्सी. दुसऱ्या खोलीत काळाचौकीच्या चाळीतली मालन, मॅट्रिक झालेली, एकोणीस वर्षांची, धोंडू या गिरणीकामगाराची लेक.

तीनशे बाराव्या ओळीत शेवटचा आकडा जुळेना. श्यामकांतचा तीन, मालनचा आठ. अच्युतनी तिसरा माणूस बसवलाच नाही. मॅट्रिकवाली चुकली, दुसरं काय! लाल पेन्सिलीनं आठाभोवती गोल काढला आणि शिपायाकरवी मालनच्या घरी निरोप धाडला, "चूक दुरुस्त करून द्या."

संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीवरून मुंबई तेव्हा पेटली होती. मालन तरी आली.

"सर, मी पुन्हा केलं. आठच येतोय."

"ठेव तिथे," अच्युत कागदातून मान वर न काढता म्हणाले.

ती कागद ठेवून निघाली. लालबागच्या नाक्यावर गोळीबार चालू होता. घरी पोचली नाही.

अच्युतनी पक्क्या कोष्टकात तीन लिहिला.

चार वर्षांनी यंत्र उभं राहिलं. एक सोडून सगळ्या ओळी जुळल्या. तीनशे बाराव्या ओळीला यंत्र आठ म्हणे. व्हॉल्व बदलले, तारा उकलून पुन्हा जोडल्या, अडीच महिने गेले. यंत्र आठच म्हणे. आणि याच दिवसांत भर दुपारी, शेजारच्या कुलूपबंद खोलीतून, अच्युतना मूठ फिरल्याचा आवाज येऊ लागला. खर्र, खर्र. मग थोडं थांबून पुन्हा, जसं कुणी पहिल्यापासून करून बघतंय. कुलूप काढून पाहिलं तर मालनच्या छोट्या यंत्रावर बोटभर धूळ. जानव्याला हात लावून ते रामनाम घेत, पण नाम संपलं की मूठ फिरायचीच.

शेवटी त्यांनी जुनं कपाट उपसलं. मालनचा कागद निघाला. निळ्या शाईत तीनदा केलेलं गणित, तीनदा आठ. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं: "सर, कृपया तिसऱ्याकडून करून घ्यावे."

अच्युतनी तो कागद श्यामकांतपुढे ठेवला.

"अरे, कोष्टकात दुरुस्ती केली एवढं लिही नि मोकळा हो," श्यामकांत म्हणाला. "कोणाची चूक, कोण विचारतंय? तुझं प्रोफेसरपद तोंडावर आलंय."

खरंच कुणी विचारत नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी ते काळाचौकीला गेले. मालनची आई जाईबाई तांदूळ निवडत होती.

"बसा, मास्तरानू," ती म्हणाली. "माझ्या चेडवान चूक केल्यान म्हणान तिका परत जावचा लागला. चाळीत अजून बोलतत. गणित बरोबर केला असता तर आज घरात असती. मी पण रागान तांच म्हणतंय तिच्या फोटोक."

"आई, तिची चूक नव्हती. माझी होती."

जाईबाईनं सूप बाजूला सारलं. ती म्हणाली, "माका एकटीक सांगून काय उपयोग? परवा रामनवमी. हरदासबुवांचा कीर्तन हा. चाळीत जे बोलतत त्यांच्या फुड्यात सांगा."

रामनवमीला चाळीचं अंगण तुडुंब भरलं होतं. बारा वाजता पाळणा झाला, गुलाल उधळला गेला, सुंठवडा वाटू लागले. महिन्याभरात महाराष्ट्र राज्य होणार म्हणून माणसं खुशीत होती. बुवांनी आपल्या जागेवर अच्युतना उभं केलं.

"मालनचं गणित बरोबर होतं," ते म्हणाले. "मी तपासलं नाही. तिला उगाच बोलावलं, आणि ती गेल्यावर तिचा बरोबर आकडा खोडून चुकीचा लिहिला."

बाया पदर तोंडाशी धरून जाईबाईकडे बघू लागल्या. ती खांबाला टेकून उभी होती. डोळे कोरडे.

"परत सांगा," ती म्हणाली. "वरच्या माळ्यार ऐकूक गेला नाय."

अच्युतनी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. तिनं तिसऱ्यांदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा त्यांचा आवाज फाटला, तेव्हा ती खाली बसली आणि चार वर्षांत पहिल्यांदा चाळीदेखत लेकीसाठी रडली.

यंत्राच्या अहवालात अच्युतनी सगळं जसंच्या तसं लिहिलं. प्रोफेसरपद सहा वर्षं लांबलं. त्या सहा वर्षांत ते मूठ फिरवणाऱ्या बायाबाप्यांची घरं शोधत हिंडले, नावं गोळा करत. त्यांचं इतिहासकार होणं ते असं.

तेव्हा मायबाप, एवढं मागणं आहे. आज देवापुढे हात जोडाल तेव्हा मालन धोंडू तोंडवळकर हे नाव एकदा घ्या. मोठ्यानं घ्या.