तारीख बदलता येणार नाही

तिने आईचा अंगठा चिमटीत धरला आणि नखाचा वाढलेला कोपरा नेलकटरने जपून कापला. उशाशी ठेवलेल्या फोनमधून परदेशातला धाकटा भाऊ विमानांची भाडी वाचून दाखवत होता.

"ताई, ऐकतेयस ना? या बुधवारचं थेट विमान आहे, पण भाडं म्हणजे निव्वळ दरोडा. पुढच्या महिन्यातल्या रविवारचं त्याच्या निम्म्यात मिळतंय. वाटेत दोनदा उतरायचं, एका विमानतळावर बाकड्यावर झोपायचं. सामानाचे पैसे वेगळे. आणि तारीख बदलता येत नाही."

"मग?"

"मग डॉक्टर नक्की काय म्हणाले, ते पुन्हा सांग."

डॉक्टरांनी 'आठवडे' हा शब्द वापरला होता. किती, हे सांगणे त्यांनी सभ्यपणे टाळले होते. तिने ते पुन्हा सांगितले, हवामानाचा अंदाज वाचावा तशा आवाजात. भाऊ पुलांचा अभियंता होता. जी पुलावर कधीच येणार नाहीत अशा वाहनांचेही ओझे तो हिशेबात धरी, आणि या दूरदृष्टीबद्दल त्याचा जाहीर सत्कारही झाला होता.

"आठवडे म्हणजे त्या रविवारपर्यंत निभावेल ना?"

"आईलाच विचारते. म्हणावं, रविवार सोयीचा आहे का?"

"टोमणे नकोत गं. मुलांची फी आत्ताच भरलीय. तुला काय, तू तिथेच आहेस."

"हो. माझं तिकीट वाचलं."

सुरुवातीला तिला राग येत असे. आता येत नव्हता. औषधांच्या वेळा तेवढ्या ध्यानात राहत. तिने मांडीवरच्या कागदावरची नखे एका बाजूला सारली आणि करंगळी हातात घेतली.

"एक सोय आहे बघ," भाऊ म्हणाला. त्याच्या आवाजाला हुरूप आला होता. "जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू झाला, तर दाखला जोडून तारीख फुकट बदलून देतात."

"जवळच्या म्हणजे किती जवळच्या?"

"आई धरलीय त्यात."

"आणि नुसतं आजारपण?"

"ते नाही धरत."

आईचे डोळे मिटलेले होते. ती झोपली आहे, असे दोन्ही मुलांनी सोयीस्करपणे गृहीत धरले होते. तिने मुलीच्या हातातून आपली करंगळी सोडवून घेतली.

"बाळ्या, तेच काढ," आई म्हणाली. "दोनदा कशाला धावपळ? एकदाच ये. नंतर आलास तरी चालेल."



"आई, काहीतरीच काय बोलतेस! तुला काही होत नाही," तो म्हणाला; परंतु त्याच्या बोलण्यामागे कळफलकाची टकटक सुरू झाली होती. बहिणीने ती ऐकली. आईनेही ऐकली असावी, कारण टकटक थांबेपर्यंत तिने मान फोनकडे वळवून ठेवली.

"झालं," भाऊ म्हणाला. "रविवार मिळाला. ताई, खिडकीजवळची जागा दिली, तीही फुकट!"

"अरे वा."

"चल, ठेवतो. मीटिंग आहे. आई, जप हं."

फोनचा पडदा काळा झाला. मुलीने आईच्या पायांवरचे पांघरूण नीट केले. ते आधीच नीट होते. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होते आणि दुसरा कोणी "येऊ दे, येऊ दे" म्हणून ओरडत होता.

"कुठल्या वारी म्हणाला गं?" बऱ्याच वेळाने आईने विचारले.

"रविवारी."

आईने त्यावर विचार केला. घरात पाहुणे यायचे असले की ती करीत असे, तसाच. कोणाला कळवायचे, कोण येऊ शकेल, याचा.

"बरं झालं," ती म्हणाली. "सगळ्यांना सुट्टी असते."