शालेय मॉडेल्स करून मिळतील

विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की त्या दोन खोल्यांत माणसांना जागा उरत नसे. पलंगावर ज्वालामुखी वाळत पडलेले, खिडकीत पवनचक्क्या, आणि दाराआड टांगलेली सूर्यमाला. तिला धक्का लागू नये म्हणून प्रत्येकाने अंग चोरूनच आत शिरायचं.

"हळू! शनीचं कडं मोडेल," बाबा टेबलापासूनच ओरडले.

"मोडू दे. बाकीचे ग्रह आहेत की," म्हणत आईने पाण्याची बादली आत आणली.

मुंगी खुदकन हसली. सतत काहीतरी घरात ओढून आणायची म्हणून तिला हे नाव पडलेलं. ती नववीत होती. बाबा शाळेतल्या मुलांना मॉडेल्स करून देत. तापल्या तारेने थर्माकोल कापायचा, घासून गुळगुळीत करायचा, वर रंगाचा फवारा मारायचा. चिकटवण्याचं काम आईचं. दारावर पाटी होती: 'सर्व प्रकारची शालेय मॉडेल्स करून मिळतील.' मुलांनीच केलंय असं पालक शाळेला सांगत, शाळा ते खरं मानून घेई, आणि खरं काय ते सगळ्यांनाच ठाऊक असे.

त्या सकाळी टेबलावर फुप्फुसं होती. तळ कापलेली बाटली, आत दोन फुगे, खाली ताणून बसवलेलं रबर. रबर ओढलं की फुगे भरत. मुंगीच्या वर्गातल्या पहिल्या नंबरच्या मुलीची ऑर्डर होती. बाबांनी रबर ओढून बघितलं आणि मग त्यांना खोकल्याची उबळ आली. टेबलाची कड धरून ते वाकले. आई चिकटवता चिकटवता थांबली. हल्ली ती मनातल्या मनात उबळ संपायची वाट बघत असे आणि दर वेळी वाट लांबत असे.

"डॉक्टर म्हणालेत, धूळ टाळा," ती म्हणाली.

"टाळतो ना. मग खायचं काय, हे कडं?"

तेवढ्यात मुंगीने फोटोफ्रेमच्या काचांचे तुकडे समोर ठेवले. धूळ चिकटावी म्हणून प्रत्येकावर तेलाचा हात फिरवलेला.

"बाबा, ही दाराबाहेर ठेवलेली. ही स्वयंपाकाच्या ओट्यावर. ही तुमच्या उशाशी."

उशाशी ठेवलेली काच दुधात बुडवल्यासारखी पांढरट झाली होती.

"काचेवर धूळ बसते हे कळायला प्रयोग कशाला गं?"

"सुट्टीत काम बंद होतं तेव्हाही उशाशी एक ठेवली होती. ही बघा." ती काच जवळजवळ स्वच्छ होती. "टेबल गच्चीवर नेऊ या ना. कापायचं, घासायचं, सगळं तिथेच. इथे झोपता तुम्ही. हे तुमच्या आतसुद्धा बसतंय."

गच्चीवर वाऱ्याने थर्माकोल उडणार, रंगात कचरा बसणार, काम निम्म्यावर येणार, हे सगळं बाबांच्या चेहऱ्यावर आईला दिसलं.

"शाळेत मांड," शेवटी ते म्हणाले. "विज्ञानाच्या बाई शिकलेल्या आहेत. त्या बरोबर आहे म्हणाल्या, तर त्याच संध्याकाळी टेबल वर. शब्द दिला."

आईने तो शब्द पदराला गाठ मारावी तसा जपून ठेवला.

प्रदर्शनाच्या दिवशी दुपारी शाळेतून फोन आला. बाटलीतली फुप्फुसं भरत नव्हती. बाबांना शाळेचे जिने झेपणारे नव्हते, म्हणून चिकटपट्टी घेऊन आई गेली. सभागृहात दिवे लुकलुकत होते, पवनचक्क्या फिरत होत्या. अर्ध्याहून जास्त वस्तू तिच्याच हातच्या. स्वतःच्याच घरात शिरल्यासारखं तिला वाटलं, फक्त इथे सगळ्यांवर दुसऱ्यांची नावं होती.

मुंगी कुठल्याच टेबलापाशी नव्हती. ती दाराबाहेर चपलांच्या मांडणीपाशी बसली होती. काचा मांडीवर.

आई तडक विज्ञानाच्या बाईंकडे गेली.

"अहो, काय ठेवू मी टेबलावर?" बाई घाईत होत्या. "मळक्या काचा? ना मॉडेल, ना तक्ता. तुमच्या घरी एवढी कला असताना मुलीला एखादं चांगलं करून द्यायचं ना!"

"तिने स्वतः केलंय, बाई. पण ते बरोबर आहे का, तेवढंच सांगा."

"बरोबर-चूक कोण बघतंय? मांडणीला गुण असतात. शिवाय हे पुस्तकात नाही."

"बाई, एवढं एक वाक्य बोला. तिच्या बाबांसाठी. बरोबर आहे म्हणा."

"परीक्षक आलेत हो, नंतर बोलू," म्हणून बाई पुढे झाल्या.

"काकू, लवकर!" पहिल्या नंबरच्या मुलीचा आवाज रडवेला झाला होता. "मला यातलं काहीच उघडता येत नाही."

आईने नळी काढली, जोड आवळला, चिकटपट्टी गुंडाळली. नाही म्हणावं असं तिच्या मनात आलंही. पण पुढच्या ऑर्डरी डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या आणि हात सवयीने चालत राहिले. रबर ओढलं, फुगे भरले. परीक्षकांपुढे मुलीने घडाघडा म्हटलं, "धूळ आणि धूर यांपासून आपण आपल्या फुप्फुसांचं रक्षण केलं पाहिजे." टाळ्या पडल्या. पहिलं बक्षीस फुप्फुसांना मिळालं.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "काय म्हणाल्या बाई?"

आई म्हणाली, "मांडूच दिलं नाही."

"म्हणजे तसं काही नसणार," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज जवळजवळ सुटका झाल्यासारखा होता. त्यांनी तार तापत घातली.

ती तार पुढचा सगळा हंगाम तापत राहिली. मुंगीने काचा कपाटामागे टाकून दिल्या आणि पुस्तकातले प्रयोग पुस्तकातल्या उत्तरांसकट पाठ करायला घेतले. सुट्टी संपता संपता बाबांना उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. छातीचा फोटो उजेडासमोर धरत मोठे डॉक्टर म्हणाले, "काम करता तिथेच झोपता का? इतके दिवस कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

बाबांनी मान वळवून मुंगीकडे बघितलं. ती भिंतीकडे बघत होती.

त्याच संध्याकाळी मायलेकींनी टेबल गच्चीवर नेलं. पण तो जिना चढायला आता बाबांकडे श्वास नव्हता. घरी आल्यावर ते खाली पलंगावर बसून राहत, उशांना टेकून. दाराबाहेर जाणंसुद्धा त्यांना गावाला जाण्याइतकं लांब झालं होतं.

पुढच्या प्रदर्शनाचे दिवस आले, तसे पालकही आले. दारात बऱ्यापैकी गर्दी होती. पहिल्या नंबरची मुलगी आईसोबत आली होती. तिच्या हातात तीच बक्षिसाची फुप्फुसं होती.

"यंदा हृदय हवंय," तिची आई म्हणाली. "दिवे लागणारं. आणि हे घ्या परत, जागा अडवतंय नुसती."

मुलगी मात्र बाटली घेऊन पलंगापाशी गेली. "काका, मी हे कधी उघडूनच बघितलं नाही. हे भरतं कसं?"

बाबांना बोलवेना. त्यांनी तिचा हात धरून खालच्या रबरावर ठेवला आणि ओढण्याची खूण केली. तिने ओढलं. बाटलीतले फुगे टम्म भरले. त्यांच्याकडे बघत बाबांनीही श्वास घेऊन पाहिला. तो अर्ध्यातच अडला.

आईने ते पाहिलं. मग ती स्टूल घेऊन दारात गेली, वर चढली आणि पाटी काढू लागली. खिळा गंजलेला होता, सहज निघेना.

"अहो, हे काय? आमच्या ऑर्डरीचं काय?" मागून कुणीतरी ओरडलं. "मुलांचे गुण जातील!"

"जाऊ देत," आई वळली. उद्या घर कसं चालेल, हे तिला ठाऊक नव्हतं. "यापुढे करून मिळणार नाही. मुलांना स्वतः करायचं असेल, तर वर पाठवा. मोडेल, वाकडं होईल, काही बिघडत नाही. माझी मुलगी असेल वर."

गर्दी कुरकुरत पांगली. एका बाईने जाता जाता दुसऱ्या मॉडेलवाल्याचा पत्ता विचारला. शेवटी पलंगापाशी ती एकच मुलगी उरली, आणि जिन्यातून तिला हाका मारणारी तिची आई.

मुंगी कपाट भिंतीपासून ओढत होती. मागून तिने काचा काढल्या. धुळीने माखलेल्या त्या काचा फ्रॉकला पुसायला तिने हात उचलला, आणि मग तशाच ठेवल्या.

"येतेस?" तिने विचारलं.

मुलीने जिन्याकडे बघितलं, पलंगाकडे बघितलं. मग ती मुंगीच्या मागोमाग गच्चीच्या पायऱ्या चढू लागली. बाबा दोघींची पावलं ऐकत राहिले. ती पावलं वर पोचेपर्यंत त्यांनी श्वास धरून ठेवला होता, जेवढा धरवला तेवढा.