पेंटरबाबांची वेलांटी

मित्रांनो, मी एक जुना स्कॅनर आहे. झाकण सैल झाले आहे, पण नजर अजून पक्की! पाट्या रंगवणाऱ्या एका दुकानात माझी उभी हयात गेली. काचेवर पालथा ठेवलेला कागद मी बारीक बारीक ठिपक्यांनी टिपतो. एके काळी माझे भारी कौतुक होते. मग मोबाइल आले आणि माझ्या डोक्यावर चहाचे कप विराजमान झाले.

दुकानाचे मालक पेंटरबाबा. त्यांच्या अक्षरासाठी लोक महिना महिना थांबत. पण गेल्या वर्षी त्यांचा हात थरथरू लागला आणि ब्रश सुटला. नेमकी तेव्हाच ग्रंथालयाच्या भिंतभर पाटीची मागणी आली. अट एकच, अक्षर बाबांचेच हवे. त्यांनी पूर्वी काढलेला तळहाताएवढा नमुना तेवढा शिल्लक होता. तो भिंतीएवढा मोठा करता आला नाही, तर बाबांचे अक्षर पुन्हा कुठल्याच पाटीवर दिसणार नव्हते.

त्यांच्या लेकीने तो घाईघाईत माझ्यावर ठेवला. चित्र मोठे करताच ठिपक्यांच्या पायऱ्या दिसू लागल्या. म्हणून तिने संगणकाला ठिपक्यांवरून कडांच्या रेषा काढायला लावल्या, कारण रेषा कितीही मोठी केली तरी फुटत नाही. संगणकाने इमानेइतबारे सगळ्याच रेषा काढल्या. अक्षराच्या, कागदाच्या सुरकुत्यांच्या आणि माझ्या काचेवरच्या धुळीच्याही!

"हे माझं अक्षर? उंदरांनी कुरतडलंय जणू!" बाबा उठून बाहेर गेले. मला फार वाईट वाटले.

लेकीने माझी काच मऊ फडक्याने लख्ख पुसली, कागद सपाट करून पुन्हा ठेवला. मी जीव ओतून टिपला. मग तिने बाबांना आणून शेजारी बसवले.

"ब्रश कुठे वळायचा, तेवढं सांगा."

"इथं. नाही गं, जरा खाली. आता मध्ये काही नको, ही वेलांटी एका दमात यायची."

ते सांगतील तिथेच तिने रेषा वळवणारे बिंदू ठेवले. संगणकाने वेलांटीला साठ बिंदू खर्चले होते, बापलेकीला पाच पुरले.

त्या रेषांवरून यंत्रावर कापून आलेली अक्षरे दुकानात जमिनीवर मांडली, तेव्हा बाबा खाली बसले. थरथरते बोट त्यांनी वेलांटीवरून सावकाश फिरवले.

"माझंच आहे," ते म्हणाले. "कोपऱ्यात सही राहिली. तुझी घाल."

"अहो बाबा, अक्षर तुमचं आहे!"

"आणि हात कुणाचा गं?"

मित्रांनो, माझी काच पुसत जा, एवढे मागणे आहे. आणि घरात कुणाचे अक्षर सुंदर असेल, तर ते टिपताना त्या माणसाला शेजारी बसवा. ठिपके मी हवे तेवढे देईन, पण हात कुठे वळला ते त्यालाच विचारावे लागते.